आलं गाव

दाऊदला नवी होडी घ्यायची होती आणि त्या काळजीनं त्याची झोप उडाली होती. धरणाच्या नाथसागरात बुडालेल्या त्याच्या गावची बरीच माणसं आता गारखेड्यात राहतात. सर्वपित्रीला त्यांना जुन्या गावावरच्या पाण्यापर्यंत नेणारा होडीवाला हा एकटाच. गेल्या वर्षी नेमकी तिथंच होडी कलंडली आणि म्हाताऱ्या केसरबाई पाण्यात पडल्या. दाऊदनं त्यांना ओढून वर घेतलं खरं, पण घाबरलेला गडी त्यांच्यावरच खेकसला, "बसून राहा म्हणलं व्हतं ना, मावशी? तुम्ही उठल्या म्हणून झालं सगळं!"

तेव्हापासून केसरबाई त्याच्याशी बोलत नव्हत्या. यंदा पुन्हा कुणी पडलं, तर या पाण्यात होडी घालायची नाही, असं दाऊदनं ठरवूनच टाकलं होतं.

होड्या बनवणाऱ्या सत्यमनं दोन आणल्या, एक निळी, एक पांढरी. दोन्ही अ‍ॅल्युमिनियमच्या, दोन्हींचा तळ नांगराच्या फाळासारखा खोल. रंग सोडला तर सख्ख्या बहिणीच. निळीचा तळ जरा जास्त धारदार, पांढरीचं पोट जरा रुंद, एवढाच काय तो फरक.

"वाळूची पोती भरून दोन्ही तपासल्यात, चाचा," सत्यम म्हणाला.

"पोती उठून उभी राहत नाय, बाबा."

काठावर थांबलेल्या गावच्या बायकांतून केसरबाई पुढं आल्या. दाऊदकडं न बघता सत्यमला म्हणाल्या, "आम्ही चौघी बसतो. पुन्हा पडले, तर कुणामुळं पडले ते कळंल तरी."

दाऊदनं चौघींच्या जीवरक्षक जाकिटांचे पट्टे दोनदा ओढून बघितले.

आधी निळी. वारा सुटला होता, पण निळी लाटा अशी कापत गेली की अंगाला हिसका बसेना. दाऊद हरखून गेला. हीच घ्यायची, त्यानं मनात म्हटलं. जुन्या गावाची खूण, म्हणजे काठावरची टेकडी आणि पाण्याची टाकी एका रेषेत आल्या, तशी त्यानं इंजिन बंद केलं आणि सवयीनं हाळी दिली, "आलं गाव!"

निळी धाडकन डावीकडं झुकली. काठ पाण्यापासून वीतभर राहिला. एक बाई किंचाळली.

"उठलं कोण?" दाऊद ओरडला.

चौघी फळीला घट्ट धरून बसल्या होत्या. डाव्या काठाशी, दुवा मागायला हात पसरून, उभा होता तो दाऊदच.

तो मटकन खाली बसला. शरमेनं त्याला मान वर करवेना.

"माझं सासर हाय खाली," केसरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुझं काय हाय रे?"

"दादाची कबर."

"मंग? बसून राहवलं का तुला?"

काठावर परत येऊन त्यानं चौघींना घेऊन पांढरी काढली. ती लाटांवर जरा आपटत होती, पाणी तोंडावर उडत होतं. त्याच जागी त्यानं इंजिन बंद केलं. या वेळी हाळी दिली नाही. केसरबाईंकडं वळून म्हणाला, "मावशी, उठा."

केसरबाईंनी त्याच्याकडं बघितलं आणि हात पुढं केला.

"धर," त्या म्हणाल्या. "संगंच उठू."