मागे वजनाला माणूस

फोर्कलिफ्ट मागे घेण्याआधी चाचा दर वेळी खाली उतरून मागे एक चक्कर मारून येत. शिरोलीच्या त्या फौंड्रीत सगळे त्यांना हसायचे, ऑफिसात क्लार्क असलेला मीही. "मशीनला डोळं नसत्यात, मला हायत की," एवढंच ते म्हणत.

आमच्याकडे एक किळसवाणी रीत होती. कास्टिंग फार जड असलं की फोर्कलिफ्टची मागची चाकं जमिनीवरून सुटत. मग मॅनेजर दोन-तीन तगडे कामगार मागे उभे करायचा, वजनाला. माणसं हसत चढायची. चाचा मात्र किल्ली काढून खिशात टाकत आणि चेनपुली येईपर्यंत तंबाखू मळत बसत.

एकदाच त्यांनी ऐकलं. ट्रक दारात उभा, चेनपुली बिघडलेली आणि मॅनेजर आईवरून शिव्या देत होता. त्याच्या सांगण्यावरून दत्तू नावाचा तरुण कामगार मागे चढला, वळणावर घसरला आणि त्याचा पाय चाकाखाली गेला. गुडघ्याखाली कापावा लागला.

चौथ्या दिवशी शेडमध्ये ओल्या रंगाचा फलक लागला : फोर्कलिफ्टवर उभे राहू नये. दत्तूने नियम मोडला असं ठरलं की भरपाई कंपनीच्या गळ्यात पडत नाही, असा वकिलाचा सल्ला होता. दत्तू गंमत म्हणून चढला, असा चाचांच्या नावचा जबाब मी टाइप केला, त्यात फलकाला अपघाताआधीची तारीख दिली आणि साक्षीदार म्हणून सहीही ठोकली. ते आठवलं की आजही मला माझीच शिसारी येते. मॅनेजरची तर येतेच. चाचांपुढे कागद सरकवताना तो पान चघळत होता.

चाचांनी सही केली नाही. कोर्टात ते म्हणाले, "सायबांनी चढवलं, मी चालवली. फलक नंतर लागला. माझी चूक हाय ती माझ्यावर घाला, त्या पोरावर नको."

निकाल दत्तूच्या बाजूने लागला. तोवर चाचांची नोकरी गेली होती. माझी राहिली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर चाचा दत्तूला धरून उतरवत होते. मी पुढे झालो, चहाचं विचारलं. दहा वर्षं आम्ही एका डब्यातलं जेवलो होतो, ते मला बाळू म्हणायचे. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"जरा बाजूला व्हा की पावणं," ते म्हणाले, "त्येला पायरी दिसंना."