सालीच्या जोड्यातले आजोबा

फ्रेंचांनी उस्तीन्याचं घर जाळलं, असं कुणी म्हटलं की ती भडकायची. घर आपल्याच रशियन सैन्यानं जाळलं होतं, १८१२च्या उन्हाळ्यात माघार घेताना, शत्रूला छप्पर मिळू नये म्हणून. स्मोलेन्स्कच्या वाटेवरचं ते अख्खं गाव पेटलं. लाकडी भिंती गेल्या, उरली फक्त विटामातीची थोरली चूल. राख निवते न निवते तोच सासूबाई, फेव्रोन्या, पुन्हा चुलीच्या माथ्यावर आपल्या झोपायच्या जागी ठाण मांडून बसल्या.

बाकीचं गाव रानात खड्डे खणून, वर फांद्या घालून राहायला गेलं. नवरा निकीफोर लढाईवर. उस्तीन्यानं एकटीनं चुलीभोवती वासे रोवले, गवत आणि चिखल लिंपून भिंती केल्या, आणि रोज विनवण्या केल्या.

"सासूबाई, रानात चला. इथं गोठून मराल."

"आणि चुलीखालच्या आजोबांना इथंच टाकू?"

घराचे राखणदार आजोबा, कुणाला न दिसणारे, चुलीखाली राहतात अशी तिथली श्रद्धा. घर बदलताना घरातल्या म्हातारीनं त्यांना बोलवायचं, झाडाच्या सालीच्या विणलेल्या जोड्यात बसवायचं आणि जोडा दोरीनं ओढत न्यायचा, ही रीत.

"मग बोलवा ना त्यांना!"

"निकीफोर घरी नसताना? काहीतरीच तुझं!"

लग्न होऊन आल्यापासून उस्तीन्या हेच करत आली होती. सासूबाईंचं ऐकायचं आणि मनातल्या मनात जळायचं.

नोव्हेंबरात फ्रेंच परतले. मॉस्को जिंकलं म्हणे, पण तिथं खायला काही मिळालं नाही. धूर बघून दहा-बाराजण वाट सोडून आत आले. कुणाच्या अंगावर बाईची शाल, कुणाच्या अंगावर पाद्र्याचा झगा, पायांना चिंध्या. आल्या आल्या त्यांनी वासे उपटले आणि शेकोटी केली.

"अरे मूर्खांनो, भिंत जाळताय! भिंत होती म्हणून तर ऊब होती!" उस्तीन्यानं चुलीतली काठी घेऊन एकेकाला झोडपलं. कुणी हातसुद्धा वर केला नाही. सगळे नुसते विस्तवाकडे बघत राहिले. अशांना मारून तरी काय मिळणार?

सकाळी ते निघून गेले. दोघं उठलेच नाहीत. चुलीवर टांगलेले जादा जोडेही कुणीतरी घालून गेला होता.

वारा आता सरळ चुलीवर येत होता. सासूबाईंचे ओठ निळे पडले.

"जोडा आण," त्या हळूच म्हणाल्या.

"जोडा निघाला फ्रान्सला!" उस्तीन्या ओरडली. मग तिनं आपल्याच डाव्या पायातला काढून पुढे केला.

"चला आजोबा, नव्या घरी चला," सासूबाई जोड्यात वाकून म्हणाल्या.

उस्तीन्यानं पायाला गवत आणि चिंधी गुंडाळली, सासूबाईंना पाठीवर घेतलं. त्यांच्या हातातल्या दोरीला बांधलेला जोडा मागून बर्फात घसरत येत होता. मध्येच चिंधी सुटली. थांबायची सोय नव्हती.

खड्ड्याच्या तोंडाशी सासूबाईंची नजर तिच्या पायावर गेली.

"अगं, अनवाणी आलीस?"

"जोड्यात आजोबा होते ना!"

"मग काय झालं? पायात घालून यायचं. आजोबा काय तुझ्या पायाला भितात?"

उस्तीन्या बर्फातच बसली आणि अशी किंचाळली की खड्ड्याखड्ड्यांतून माणसं बाहेर आली.

तिच्या पायाची दोन बोटं गेली. वसंतात निकीफोर परत आला, तेव्हा सासूबाईंनी त्याला पहिलं हेच सांगितलं, की आजोबांना मी सुखरूप आणलं. उस्तीन्यानं बादली उचलली आणि लंगडत पाण्याला गेली.