दार्दोच्या नावापुढचा अंगठा

सुल्मा इरिबार्नेनं त्या शुक्रवारी सकाळी तीन वेळा हात धुतले. अंगठ्यांची शाई निघेना.

समोर शाळेचे पांढरे अंगरखे पडले होते. सहा शिवून झालेले, चार नुसते बेतलेले. मार्चमध्ये शाळा सुरू झाली की गावातल्या निम्म्या पोरांचे अंगरखे तीच शिवायची. पांढऱ्यावर निळा डाग पडला की कापड फुकट. तिनं दोन्ही अंगठ्यांना चिंध्या गुंडाळल्या आणि मशीन चालू केलं. एक शिवण झाली की ती उठायची, खण उघडून आतला कागद बघायची आणि परत बसायची.

त्या कागदावर दहा सह्या होत्या. प्रत्येक सहीपुढे मतदार-कार्डाचा नंबर आणि अंगठा. बाकीचे कागद नोटरी बाईंकडे होते, त्यांवर सहाशे चोवीस. पासो दे ला गार्सा गावात मतदार बेचाळीसशे. शंभरात पंधरा जणांनी सह्या दिल्या, तर नदीतल्या वाळूउपशावर गावाचं मत घ्यावं लागणार होतं. म्हणजे सहाशे तीस. तिचे दहा धरून सहाशे चौतीस होत होते. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत.

चार जास्त. ती दर थोड्या वेळानं स्वतःला हे सांगत होती. तरी कागदावरची दुसरी ओळ तिला टोचत होती.

दुसऱ्या ओळीवर तिच्या भावाचं नाव होतं. दार्दो इरिबार्ने. सही तिनं केली होती. अंगठाही तिचाच होता, डाव्या हाताचा.

तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दार्दो तीन आठवडे नदीच्या वरच्या अंगाला मासेमारीला गेला होता. तो घरी नसला की त्याच्या सह्या तीच करायची. आई गेल्यापासून मच्छीमार संघाच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, सगळं तिच्याकडे. मतदानाच्या दिवशी तर ती त्याचा शर्ट इस्त्री करायची, पक्षाची छापील यादी चार घड्या घालून डाव्या खिशात ठेवायची आणि म्हणायची, ‘‘जा.’’ आई बाबांच्या खिशात ठेवायची, तशीच. घर चार पिढ्या पांढऱ्या पक्षाचं. दार्दो जायचा, बंद खोलीत यादी लिफाफ्यात घालायचा, तेच मत, आणि यायचा. खोलीत सगळ्याच पक्षांच्या याद्या मांडलेल्या असायच्या. वीस वर्षांत एकदाही तो काही बोलला नव्हता.

नदी तर त्याचीच होती. नदीसाठी तो सही करणार नाही, असं कुणाच्या मनात तरी आलं असतं का?

दहाच्या सुमाराला फाटक वाजलं. दार्दो आला. पाठीवर जाळं, बगलेत थर्मास, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. त्यानं टेबलावर गळांच्या पुड्या ठेवल्या. पातळ पांढऱ्या कागदाच्या, नेहमीसारख्या नीट बांधलेल्या.

‘‘अंगठ्यांना काय झालं?’’

‘‘काही नाही. काय मिळालं?’’

‘‘एकवीस दिवसांत अठ्ठावीस साबालो. त्यातले चार मीच खाल्ले.’’ त्यानं ‘माते’ नावाच्या कडवट चहाच्या वाटीत गरम पाणी ओतलं आणि नळी तोंडाला लावली. ‘‘सुल्मा, जाळं विकतोय मी. सोमवारपासून वाळूच्या बोटीवर जायचंय. कायम नोकरी. दवाखाना, सुट्ट्या, सगळं. कालच मुकादमाला हो म्हणून आलो.’’

मशीन थांबलं.

‘‘वाळूच्या बोटीवर?’’

‘‘मग काय? गुडघा बघ माझा. चोपन्न वर्षांचा झालो. पाण्यात उभं राहून किती दिवस काढू?’’

‘‘तीच बोट नदी खाणार आहे, दार्दो. साबालो अंडी घालतो ती उथळ जागा...’’

‘‘मला शिकवतेस? तू तिथं पाय तरी बुडवलायस कधी?’’

एरवी ती भांडली असती. त्या दिवशी तिनं खण उघडला आणि कागद त्याच्यासमोर ठेवला. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं.

दार्दोनं कागद वाचला. मग पुन्हा वाचला. त्यानं बोट दुसऱ्या ओळीवर टेकवलं.

‘‘हा अंगठा कुणाचा?’’

‘‘माझा.’’

‘‘बघू.’’

तिनं एक चिंधी सोडून उजवा दाखवला. मग आठवलं, तशी दुसरी सोडून डावा पुढे केला. दार्दोनं तो हातात धरून मासा तपासावा तसा तपासला.

‘‘ही नावं निवडणूक कचेरीच्या भिंतीवर लागणार ना? आठ दिवस?’’

‘‘हो.’’

‘‘मुकादम वाचणार. सोमवारी मी बोटीवर, आणि मंगळवारी माझं नाव भिंतीवर. बुधवारी मी घरी. शाबास.’’

‘‘मला वाटलं, तू केलीच असतीस सही.’’

‘‘विचारलंस?’’

‘‘तू इथं नव्हतास.’’

‘‘इथं असतो तेव्हा तरी कधी विचारलंस?’’ तो हसला, पण डोळे हसत नव्हते. त्यानं गळांची एक पुडी उचलून तिच्यासमोर उलगडली. गळ टेबलावर सांडले. कागदाच्या घड्या मोडल्या, आणि त्यावर तिला ओळखीचा छापील क्रमांक दिसला, उमेदवारांची नावं दिसली. पाच वर्षांपूर्वीच्या निवडणुकीची यादी. तिनंच चार घड्या घातलेली.

‘‘कागद चांगला असतो,’’ दार्दो म्हणाला. ‘‘पातळ. गळ गंजत नाहीत.’’

‘‘तू ही टाकली नाहीस?’’

‘‘तू दिलेली एकही टाकली नाही.’’

‘‘मग कुठली टाकलीस?’’

‘‘ते तुला कशाला सांगू? खोलीचं दार उगीच बंद करतात का?’’

सुल्मा खुर्चीत बसली. वीस वर्षं. दरवेळी तो परत यायचा, ती विचारायची, ‘‘झालं?’’ आणि तो म्हणायचा, ‘‘झालं.’’ ती त्याला जेवायला वाढायची.

‘‘माझं नाव काढ,’’ दार्दो म्हणाला आणि पाय धुवायला मागे गेला.

बारा वाजता ती नोटरी बाई गार्मेन्दियांच्या दारात उभी होती. सायकल भिंतीला टेकवायचीही शुद्ध नव्हती, फुटपाथवरच आडवी टाकली होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

‘‘दोन्या सुल्मा, हे तुम्ही मला का सांगितलंत?’’ बाईही तिला गावासारखं मानानं ‘दोन्या’ म्हणायच्या.

‘‘मग कुणाला सांगू?’’

‘‘कुणालाच नाही. आता मला माहीत झालं. आता हा कागद मी हातात घेऊ शकत नाही.’’

‘‘त्याची ओळ खोडते. एकच तर आहे. राहिले सहाशे तेहतीस.’’

‘‘खाडाखोड असलेला कागद कचेरी घेत नाही. अख्खा कागद बाद. आणि खोट्या अंगठ्याची बातमी बाहेर गेली तर बाकीच्या सहाशे चोवीस जणांकडेही लोक संशयानं बघणार. कंपनीचा वकील याचीच वाट बघतोय.’’ बाईंनी कपाटातून कोरा कागद काढला. ‘‘तुम्ही आणि भाऊ सोडून उरलेल्या आठ जणांकडे परत जा. तुमची धरून सहा सह्या पाहिजेत. पाच वाजेपर्यंत.’’

सुल्मानं तिथंच पहिल्या ओळीवर सही केली. मग अंगठा टेकवला.

राहिले पाच.

पहिल्यांदा सह्या घेतल्या तेव्हा फेब्रुवारी होता. लोक संध्याकाळी नदीवर यायचे, पाण्यात पाय सोडून सही करायचे, वर विनोद करायचे. आता तेच लोक तिला कागद घेऊन येताना बघून दार अर्धंच उघडत होते. एकदा दिली ना, मग परत का? काही गडबड झाली का? तिला खरं कारण सांगता येत नव्हतं. ‘‘कागद खराब झाला,’’ ती म्हणायची. शब्दाशब्दाला तिचे कान तापायचे.

बेकरीवाल्या ओल्गानं पिठाच्या हातानं सही केली. अंगठ्यावरचं पीठ सुल्मानं स्वतः पुसलं, दोनदा. शाळेच्या मास्तरांनी मधल्या सुट्टीत केली. राहिले तीन.

किराणा दुकानदार रोमिल्दो मापात साखर भरत होता. त्यानं मान वर केली नाही.

‘‘दोन्या सुल्मा, मंगळवारी व्यापारी संघाची बैठक झाली. ठरलंय, कुणाच्याच बाजूनं उभं राहायचं नाही.’’

‘‘संघाची सही नकोय मला. तुझी पाहिजे. तू दिली होतीस.’’

‘‘तेव्हा बैठक झाली नव्हती,’’ तो म्हणाला आणि साखरेची पिशवी बांधायला लागला.

ट्रकवाल्या संघटनेच्या सेक्रेटरीची बायको पडद्यामागून बोलली. नवऱ्याला कळलं, म्हणाली. रडत होती की सर्दी झाली होती, सुल्माला कळलं नाही. तिनं तिथं जास्त वेळ घालवला नाही.

चौकातल्या औषध दुकानातला तरुण मालक मे महिन्यात नगरसेवकपदासाठी उभा राहणार होता. त्यानं तिला आत बसवलं, पाणी दिलं.

‘‘नदी माझ्या मनात आहे, दोन्या सुल्मा. शपथ. पण पक्षानं सांगितलंय, निवडणूक होईपर्यंत वादाला हात लावायचा नाही. निवडून आलो की पहिला प्रश्न हाच घेतो.’’

‘‘तोवर वाळू उरेल का?’’

तो शेल्फवरच्या बाटल्या सरळ करायला लागला.

एक बाई सकाळच्या बसनं मोंतेविदेओला गेली होती. नदीकाठच्या विधवा एल्विरानं सही केली आणि तिच्या म्हाताऱ्या दिरानंही, चष्मा शोधण्यात दहा मिनिटं घालवून. राहिला एक.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. आठही जण संपले होते. सुल्मा बसस्टँडवर गेली, चर्चच्या पायऱ्यांवर गेली, केस कापायच्या दुकानात डोकावली. जे देणार होते त्यांनी कधीच दिल्या होत्या. जे देणार नव्हते ते तिला लांबून बघून रस्ता बदलत होते. एकजण तयार झाला, पण त्याचं मतदार-कार्ड दुसऱ्या गावचं निघालं. तिला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. तिनं त्याचे आभार मानले.

पाचला दहा कमी असताना ती निवडणूक कचेरीत पोचली. दाराबाहेर बाकावर दार्दो बसला होता. पाय धुतलेले, शर्ट स्वच्छ, इस्त्री नसलेला.

‘‘नाव गेलं का बघायला आलो,’’ तो म्हणाला.

‘‘गेलं.’’

आत कारकून बिदेगाइन कागद मोजत होता. नोटरी बाई बाजूला उभ्या होत्या. मच्छीमार संघाचे सात-आठ लोक भिंतीला टेकून होते. बिदेगाइन जिभेला बोट लावून एकेक पान उलटत होता आणि पुटपुटत होता. सुल्मानं शेवटचा कागद ठेवला. त्यानं तो दोनदा मोजला. भला माणूस होता, म्हणून तिसऱ्यांदाही मोजला.

‘‘सहाशे एकोणतीस.’’

भिंतीला टेकलेले मच्छीमार सरळ उभे राहिले.

‘‘एक कमी आहे,’’ तो म्हणाला. घड्याळाकडे बघितलं. ‘‘सहा मिनिटं आहेत. एक सही, बाई. गावात एक माणूस नाही?’’

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं. बाकावर दार्दोची पाठ दिसत होती आणि मान, उन्हानं रापलेली. तो मागे वळला नाही. पण आतलं सगळं त्याला ऐकू येत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

नोटरी बाईंनी सुल्माकडे बघितलं. सुल्माला वाटलं, आता आपण तोंड उघडलं की तो येईल. आजवर कधी नाही आला? ती म्हणायची ‘‘जा’’ आणि तो जायचा. मग तिला टेबलावर सांडलेले गळ आठवले.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘कुणी नाही.’’

बिदेगाइन थांबला. सहाही मिनिटं थांबला. हातात किल्ल्या होत्या, त्या त्यानं वाजू दिल्या नाहीत. मग पाचचे ठोके पडले आणि त्यानं खिडकीचं शटर खाली ओढलं. मच्छीमार एकेक करून बाहेर पडले. जाताना कुणी दार्दोकडे बघितलं नाही. नोटरी बाईंनी कागदांचा गठ्ठा उचलला आणि तो कुठं ठेवावा हे न कळून छातीशी धरून उभ्या राहिल्या.

सुल्मा बाहेर आली. अंगठे दोन्ही निळे होते. दार्दो उठला, तिची सायकल पायरीवरून खाली उतरवली आणि हातात धरून चालायला लागला. कोपऱ्यावर नदीकडून वाळूच्या बोटीवरच्या पंपाचा आवाज येत होता, बारीक, सारखा. गेले आठ दिवस चाचणी चालू होती.

‘‘विचारलं का नाहीस?’’ दार्दो म्हणाला.

‘‘सकाळी नाही म्हणालास ना तू.’’

‘‘सकाळी म्हणालो.’’

ती थांबली.

‘‘म्हणजे? आता विचारलं असतं तर दिली असतीस?’’

दार्दो सायकलच्या घंटीकडे बघत राहिला.

‘‘मला काय माहीत,’’ तो म्हणाला. ‘‘मी त्याचाच विचार करत बसलो होतो. तेवढ्यात तू म्हणालीस, कुणी नाही.’’

तो पुढे चालायला लागला. सुल्मा तिथंच उभी राहिली. मग लांब होत चाललेल्या सायकलच्या मागे तीही निघाली, दोन्ही हात अंगापासून दूर धरून, शाई कशालाच लागू नये म्हणून.