व्हर्ना आणि बर्फाचा पेला

व्हर्ना स्टुकेल सरबतात बर्फ घालत नाही. प्युब्लो शहराचा उन्हाळा अंग भाजून काढो, ती आपली अंगणात कोमट सरबत घेऊन बसते. शेजारीण म्हणते, "काय गं, दात दुखतात का?" त्यावर हिचं ठरलेलं उत्तर, "जन्माला पुरेल एवढा बर्फ वाहिलाय मी."

खोटं नाही ते. कॅन्सर झालेल्या मुलांच्या वॉर्डात एकतीस वर्षं नर्स होती ती. काय दिवस होते! खिडकीतून पोलाद कारखान्याची धुराडी दिसायची. नाताळात व्हर्ना अक्रोडाची पोतित्सा, गुंडाळून केलेला गोड पाव, भाजून न्यायची, आणि डॉक्टर टेस्डाल पावाच्या कडांवर हक्क सांगायचे. तिथंच, तोंडात घास असताना, गांज्याच्या तेलावरून भांडण पेटायचं.

"उलट्या थांबतात, पोरं जेवतात. आणखी काय हवं तुम्हाला?" तरुण डॉक्टर आर्चुलेटा म्हणायची.

"कुठली पोरं? किती थेंबांवर? बाकीच्या औषधांशी त्याचं जमतं का?" टेस्डाल गुरगुरायचे. "आकडे दाखव, आत्ता सही करतो. वाढता मेंदू आहे, बाई, उंदराचा नाही."

दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत! व्हर्ना चहा ढवळत राहायची.

राज्यानं हे औषध चालू दिलं होतं, पण लहान मुलासाठी दोन डॉक्टरांच्या सह्या लागत. पण वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा कायदा त्याला गुन्हाच मानायचा, म्हणून हॉस्पिटलच्या कपाटात बाटली ठेवायची सोय नाही. आईबापांनी घरून आणायची, आपल्या हातानं द्यायची. मग वॉर्डात एक रीत पडली. आईचा हात पिशवीत गेला की नर्स म्हणायची, "मी जरा बर्फ घेऊन येते." पाच मिनिटांनी पेला घेऊन परत. पाहिलं नाही, म्हणजे लिहायलाही नको. झाकली मूठ.

अशात मारिसेला आली. आठ वर्षांची, वजन एकोणीस किलो. आजीच्या हिरव्या मिरचीच्या रश्श्यावर जीव टाकणारी पोर, पण आता वासानंच ओकायची. वजन आणखी घटलं तर पुढचे उपचार लांबणार होते. आर्चुलेटानं सही केली, टेस्डालनी नाही. मारिसेलाचा बाप डेल्फिनो कारखान्यात भट्टीवर होता. लेक डोळ्यांदेखत वाळताना सहीची वाट पाहत बसेल तो बाप कसला? मेव्हण्यानं घरी काढलेलं तेल घेऊन तो आला. व्हर्नाला वास लगेच कळला. ती बर्फ आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारिसेला उठेचना. हलवलं की डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. टेस्डाल धावत आले. मेंदूत काही शिरलं की काय, म्हणून त्यांनी तपासण्यांचा धडाका लावला, पाठीत सुई घालून पाणी काढायची तयारी केली. डेल्फिनो कोपऱ्यात पांढराफटक उभा. बोललो तर सरकारी लोक पोर हिसकावून नेतील, या भीतीनं त्यानं पिशवी पाठीमागं धरली होती. व्हर्नानं सुईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तोंड उघडलं तर हा अडकणार, आपली नोकरीही जाणार. गप्प राहिलं तर त्या एवढ्याशा पाठीत सुई.

"डॉक्टर, थांबा," ती म्हणाली. "हिला काल तेल दिलंय. मला ठाऊक होतं."

"किती?"

इतकी वर्षं औषधाचा थेंब न् थेंब मोजून देणारी बाई ती! "मी बर्फ आणायला गेले होते," ती म्हणाली, आणि लाजेनं तिचा चेहरा पेटला.

"चमचाभर," डेल्फिनो पुटपुटला. "छोटाच चमचा होता हो."

थेंबांचं औषध चमच्यानं! टेस्डालनी सुई बाजूला ठेवली, मारिसेलाला नजरेखाली ठेवलं, आणि दुपारी तिनं पाणी मागितलं तेव्हा ते मटकन खुर्चीत बसले.

"मी नाही म्हणालो, आणि मला वाटलं विषय संपला," ते म्हणाले. "तो नुसता माझ्या डोळ्याआड गेला, व्हर्ना." वरिष्ठांपुढे ते स्वतः व्हर्ना आणि डेल्फिनोच्या बाजूनं उभे राहिले. मग कागद मागवून सही ठोकली. "पटलंय म्हणून नाही हं! पुरावा अजूनही नाहीच. पण व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे. थेंब मोजायचे, आणि सगळं लिहायचं."

सोमवारी डेल्फिनोनं परवान्याच्या दुकानातली, मात्रेची चिठ्ठी लावलेली बाटली काढली. हाडीमाशी खिळलेली सवय, व्हर्ना उठली.

"मला नको तुझा बर्फ," मारिसेला म्हणाली. "बाबा औषध काढतात आणि तू पळतेस. मला वाटतं, मी काहीतरी वाईट करतेय."

व्हर्ना दारातून परत फिरली. अशा किती पोरांना असं वाटलं असेल? ती पलंगाच्या कडेला बसली, पोरीचा हात धरला आणि डेल्फिनो सोडत होता ते थेंब मोठ्यानं मोजले, "एक. दोन. तीन." गुरुवारी मारिसेलानं रश्श्यात बुडवून तोर्तियाची अर्धी पोळी खाल्ली.

पुढच्या वसंतात ती गेली. त्या तेलानं कॅन्सर बरा होत नाही, तसं आर्चुलेटाही कधी म्हणाली नव्हती. पण तो सगळा हिवाळा पोर जेवली, आणि दर वेळी व्हर्ना तिच्याजवळ बसून होती.

डेल्फिनो अजून दर सप्टेंबरात भाजलेल्या मिरच्यांची पिशवी घेऊन येतो. व्हर्ना त्याला सरबत देते.

"बर्फ आणू का आतून?" त्यानं एकदा विचारलं.

"नको रे," ती म्हणाली. "बस इथंच. कुणी उठून जायचं नाही."