वन्स मोअर

गावात माझं झाकलेलं असं काही राहिलेलं नाही. कोणाच्या धानाच्या बांधीतलं पाणी मी रात्री चोरून फोडलं, कोणत्या लग्नात रुसून पंगतीतून उठलो, बा जिवंत असताना मिशी काढली म्हणून तो माझ्याशी कसा बोलेनासा झाला — सगळं सगळ्यांना तोंडपाठ आहे. ही एकच गोष्ट कोणाला ठाऊक नाही. जिला ठाऊक होती ती गेली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

मी नागपूरच्या पुढं, पवनीच्या अलीकडच्या एका खेड्यातला धान पिकवणारा माणूस. मॅट्रिक नापास. पण पाठांतर पक्कं, चेहरा कोवळा, आवाज बारीक — मग काय, गावच्या नाटकमंडळीत बायांची कामं माझ्याच गळ्यात पडली. आमच्याकडे दिवाळी आटोपली की गावोगाव मंडई भरते, जत्राच म्हणा ना. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, आणि अंधार पडला की नाटक. सत्तर सालानंतरची पहिली काही वर्षं असतील ती. तोवर आमच्या भागातल्या स्टेजवर खऱ्या बाया फारशा आल्या नव्हत्या. लुगडी आम्हीच नेसायचो.

लुगडं माझ्या बायकोचं असे. नेसवायचीही तीच. तिचं नाव गिरजा.

आता हे कसं सांगू? आमच्या घरात नवरा-बायको बोलत नसत. भांडण नव्हतं हो, रीतच तशी होती. बाच्या देखत मी तिला हाक मारली नाही, मायच्या देखत तिनं मान वर केली नाही, आणि रात्री दोघंही चिखलातल्या कामानं मेलेले. पण नाटकाच्या दिवशी दिवेलागणीला, धानाच्या ढोल्या, म्हणजे कणग्या, ठेवायच्या अंधाऱ्या खोलीत, आम्ही दार लावून घ्यायचो. कोणी काही म्हणत नसे. मंडळीचं काम होतं ना ते!

त्या तेवढ्या वेळात मी धड बाप्या नव्हतो, धड बाई नव्हतो. कमरेला लुगडं, वर उघडी छाती. आणि ती? तीही कोणाची सून नव्हती. हाताला साबणाचा फेस लावून ती माझ्या मनगटात बांगड्या सरकवायची आणि चालणं शिकवायची. "बाई कंबरेनं चालते जी, खांद्यानं नाई." कुंकू लावून झालं की दोन पावलं मागं सरकून बघायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. "माह्यी सवत लय देखणी हाय!"

त्या सवतीशी ती काय काय बोलली! नवऱ्याशी कधी बोलली नसती ते सगळं. लहानपणी तिला पोहायला यायचं, हे मला तिथं कळलं. लग्नाच्या दिवशी माझ्याकडे बघून तिला माझी कीव आली होती, हेही तिथंच. मीही बोललो. मला शेतीत जीव रमत नाही, लुगडं नेसलं की मी कोणीतरी आहे असं वाटतं — हे मी जगात फक्त तिला सांगितलं, आणि ती हसली नाही. आमचा संसार म्हणाल तर तेवढाच झाला, पहिल्या निरीपासून शेवटच्या निरीपर्यंत. बाकी सगळी वर्षं आम्ही नुसते एका घरात राहिलो.

आम्हाला एक मुलगी झाली. छबी म्हणायचो. बसायला लागली होती. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिला हगवण लागली, बैलबंडीत घालून पवनीच्या दवाखान्याला निघालो, आणि वाटेतच संपलं. त्या पावसात बंडी परत वळवली ती मीच. घरी माय गिरजेला म्हणाली, फार रडू नको, पुढचं लेकरू टिकत नाही. गिरजा लोकांसमोर रडली नाही.

ती ढोल्यांच्या खोलीत रडली. दार नीट लागलं नव्हतं. फटीतून मला दिसत होतं — भिंतीला टेकून खाली बसलेली, मान छातीत गेलेली, पदर दातात धरलेला. आवाज नाही. उजवा हात मात्र मांडीवर थापटत होता, लेकराला निजवताना थापटतात तसा. मधेच ती "श्... श्..." करायची. जसं काही तिच्याच रडण्यानं पोर उठेल.

मी आत जायला हवं होतं. दाराला कडीही घातलेली नव्हती. का गेलो नाही? लाज वाटली असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. मी बघत होतो. हात कसा पडतो, किती वेळ थांबतो, श्वास कुठं अडतो — मी ते उचलत होतो. बाप म्हणून नाही, नवरा म्हणून नाही. नट म्हणून.

त्या दिवाळीनंतरच्या नाटकात माझं काम आईचं होतं. तिसऱ्या अंकात तिचं मूल मरतं. तालमीत मी बायकी हेल काढून रडायचो आणि आमचा पेटीमास्तर कपाळावर हात मारायचा. त्यानं मला एकच गोष्ट शिकवली — रडताना मान खाली घालू नको, थोडी वर ठेव, मागच्या लोकांना तोंड दिसलं पाहिजे. बाकीचं मी काय करणार आहे ते मी कोणालाच सांगितलं नाही. त्या संध्याकाळी गिरजेनं मला नेसवलं. पोर गेल्यापासून ती पहिल्यांदा थोडी हसली, सवत म्हणाली. तेव्हाही मी सांगितलं नाही.

तिसऱ्या अंकात मी खाली बसलो. चिंध्यांचं बाळ बाजूला ठेवलं, पदर दातात धरला, आणि हात मांडीवर थापटायला लागलो. श्... श्... मग बायांच्या बाजूनं हुंदके, मग सगळीकडून. आणि मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

तुम्ही म्हणाल, वन्स मोअर गाण्याला देतात. आमच्याकडे लोक खूश झाले की कशालाही देतात. मी उठलो. बाळ उचलून पुन्हा छातीशी धरलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा रडलो, पहिल्यापेक्षा चांगला.

त्या दुसऱ्या खेपेला मला गिरजा दिसली. पुढंच बसली होती. सगळ्या बाया डोळे पुसत होत्या. तिचे डोळे कोरडे होते. तिचा उजवा हात मांडीवरच होता, आणि डाव्या हातानं तिनं तो मनगटाशी घट्ट दाबून धरला होता. मला ते दिसलं. मी थांबलो नाही. टाळ्या पडेपर्यंत रडलो.

सकाळी लुगड्याची घडी घालताना तिनं विचारलं, "थे रडनं तुमाले मास्तरनं शिकवलं का जी?"

"हो," मी म्हणालो. "मास्तरनंच."

"बरं," म्हणाली.

पुढच्या खेपेला लुगडं खोलीच्या उंबऱ्यावर ठेवलेलं होतं. बांगड्या, साबणाची वडी, सगळं नीट. ती आत आली नाही. मी एकट्यानं नेसलो. मी हाक मारली असती तर ती आली असती का? मारली नाही, त्यामुळं ते कळायचं राहूनच गेलं. सवत हा शब्द मी पुन्हा तिच्या तोंडून ऐकला नाही.

आणि ते रडणं मी सोडलं का? नाही हो. गावोगाव केलं. आमची मंडळी बोलवायची तर त्या रडण्यासाठीच बोलवायचे. पुढे नागपूरकडून नाटकांत काम करणाऱ्या बाया यायला लागल्या, आमची मिशी परत आली, तेव्हाच ते बंद झालं. मी सोडलं म्हणून नाही, कोणी मागेना म्हणून.

गिरजा मात्र परत रडली नाही. पुढे लेकरू झालंच नाही, त्यालाही रडली नाही. तिचा बाप वारला तेव्हा मी सोबत गेलो होतो. ती प्रेताजवळ बसली, आणि तिचा हात मांडीवर गेला. तिनं माझ्याकडे बघितलं, हात उचलला आणि पदराखाली नेला. तिच्या माहेरच्या बाया म्हणाल्या, काय दगडाच्या काळजाची आहे ही. माझ्यासमोर म्हणाल्या. मी एक शब्द बोललो असतो तर पुरला असता. मी सुपारी कातरत बसलो.

पुढे तिच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला नेलं, परत आणलं. गेली. नव्वद साल यायला अजून थोडा वेळ होता. शेवटच्या दिवसांत आम्ही दोघंच असायचो, ती खाटेवर आणि मी खाली, बोलायला कोणाची आडकाठी नव्हती. तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी तिला पाणी हवं का विचारत राहिलो.

अंगणात तिला ठेवलं. लोक जमले. मी तिच्याजवळ बसलो आणि मला रडू आलं. खरंच आलं हो. पण कसलं आलं? खांद्यावरचा दुपट्टा दातात गेला आणि उजवा हात मांडीवर थापटायला लागला. श्... श्... मी हात धरला, तरी सुटला. मला दुसरं रडता येतच नव्हतं. तिचंच रडणं, तिच्याच प्रेताजवळ.

मागे म्हातारा पेटीमास्तर बसला होता. तो शेजारच्याला हळूच म्हणाला, "पाह्य गा, अजूनबी तसाच रडते." त्यात टोमणा नव्हता, कौतुक होतं.

मी ते ऐकलं. आणि मान थोडी वर केली — मागच्या लोकांना तोंड दिसावं म्हणून.