बारा आणे भरलेला घड

केळीचा घड किती भरला आहे हे डोळ्यांनी नव्हे, अंगठ्याने पाहायचे असते. कोवळ्या केळ्याला उभे कंगोरे असतात. फळ भरत जाते तसे ते बुजत जातात, आणि पूर्ण भरलेल्या केळ्यावरून अंगठा फिरवला तर तो कुठेच अडत नाही. हे मला वडिलांनी शिकवले. पुढे मी शाळामास्तर झालो आणि इतरांना पुष्कळ काही शिकवले. पण अंगठ्याने शिकलेली गोष्ट तेवढी एकच.

आमची बाग वसईजवळ सांडोरला होती. बसराई केळी, कडेला पानवेली, मध्ये विहीर. आळीत वडिलांच्या अंगठ्याला मान होता. घड आज उतरवावा की चार दिवस थांबावे, असा प्रश्न कुणाला पडला की आमच्याकडे निरोप येई, ‘घड बघायला येऊन जा.’ ते जात, एका फणीवरून अंगठा फिरवत आणि ‘काढ’ किंवा ‘राहू दे’ एवढेच सांगून परतत. त्यांच्या मते घड एक तर सोळा आणे भरलेला असे, नाही तर त्याची जागा झाडावर असे. कच्चा घड आमच्या ओटीवर येई तो फक्त वाऱ्याने आडव्या झालेल्या झाडाचा. त्याला ‘पडीचा घड’ म्हणत. तो कुणी विकत नसे. भाजीला घेत आणि उरलेला शेजारी वाटत.

सत्तरचे दशक संपत आले होते तेव्हा आमच्या बागायतदार संस्थेकडे मुंबईचा एक निर्यातदार आला. त्याला वसईची केळी बोटीने आखातातल्या एका बंदरात न्यायची होती. बोटीच्या पोटात थंड केलेली कोठारे होती. पहिला माल चांगला पोहोचला तर दर पंधरवड्याला बोट आमच्यासाठी जागा राखून ठेवील, नाही तर तो दुसरीकडे बघेल, असे त्याने स्पष्ट सांगितले. सोबत इंग्रजीत छापलेल्या सूचना होत्या. त्या समजावून देण्याचे काम माझ्याकडे आले आणि एका रविवारी माझ्याच वर्गात, मुलांच्या बाकांवर कसेबसे बसलेल्या बागायतदारांसमोर, मी खडू घेऊन उभा राहिलो.

केळ्याला बर्फ चालत नाही, हे मी आधी सांगितले. तेरा अंशांच्या खाली साल काळी पडते. म्हणून कोठार थंड ठेवायचे, पण गोठवायचे नाही. अशा थंडीत केळे झोपते, पिकायचे थांबते. मात्र ते आधीच पूर्ण भरलेले असेल तर झोपत नाही. ते पिकू लागते आणि शेजाऱ्यांनाही जागे करते. तांदळाच्या कणगीत कच्च्या फळांशेजारी आपण एक पिकलेले फळ ठेवतो, तेच बंद कोठारात घडते, असा दाखला मी दिला. तो सर्वांना पटला. मग फळ्यावर केळ्याचा आडवा छेद काढला, कंगोरे ठळक केले आणि खाली लिहिले: ‘बारा आणे भरलेला घडच उतरवावा.’ इंग्रजीत तीन चतुर्थांश असे होते. आमच्या लोकांना आण्यांचा हिशेब जवळचा, म्हणून मी तो शब्द निवडला.

संस्थेचे अध्यक्ष शेजारच्या आळीतले ख्रिस्ती बागायतदार होते. त्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू. ते मागून म्हणाले, “मास्तर, तुमच्या शाळेत पोरं पस्तिसाला पास होतात. आमच्या केळ्याला बारा आणे पाहिजेत होय?” वर्ग हसला. वडील हसले नाहीत. ते फळ्यावरच्या त्या दोन शब्दांकडे पाहत होते. त्यांच्या कानाला ‘बारा आणे’ म्हणजे ‘चार आणे कमी’ असे ऐकू आले असणार, हे मला फार उशिरा कळले.

घरी आल्यावर ते आईला म्हणाले की समुद्रापलीकडच्या माणसाला आपण पडीचा घड पाठवणार आहोत. आईने मला विचारले, हे खरे का? मी पुन्हा सगळी पद्धत समजावली. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग बोटीवर चढवायच्या खोक्यांवर आमचा क्रमांक घालायला बसले. प्रत्येक बागायतदाराला एक क्रमांक दिलेला होता. आमचा चौदा. त्यांना इंग्रजी येत नव्हते. मी पाटीवर काढून दिलेले दोन आकडे पाहून पाहून त्यांनी काळ्या रंगाने ते प्रत्येक खोक्यावर गिरवले.

माल भरायच्या दिवशी संस्थेच्या पडवीत खोकी तपासायचे काम माझे होते. खोके उघडायचे, वरच्या आणि खालच्या फणीवरून अंगठा फिरवायचा, मग झाकण लावायचे. चौदा क्रमांकाच्या पहिल्या खोक्यात अंगठा अडला. दुसऱ्यातही अडला. तिसऱ्यात वरच्या फणीवर अडला आणि खालच्या फणीवरून तेलावरून घसरावा तसा सरळ गेला. मी मान वर केली. वडील चार पावलांवर उभे होते. त्यांनी नजर चुकवली नाही. त्या नजरेत लबाडी नव्हती. पाहुण्याच्या पानात चांगला घास वाढल्यानंतरचे समाधान होते.

मागे माणसे रांगेत होती. ज्यांनी आयुष्यभर त्यांच्या अंगठ्यावर विश्वास टाकला, त्यांच्या देखत मी वडिलांचे खोके बाजूला ठेवायला हवे होते. नियम माझा होता, कणगीचा दाखलाही माझाच होता. मी झाकण लावले. त्यानंतरची चौदा क्रमांकाची खोकी मी उघडलीसुद्धा नाहीत.

तीन आठवड्यांनी निर्यातदाराचे इंग्रजी पत्र आले. पुन्हा तोच वर्ग, तेच बाक. पत्र वाचू शकणारा मी एकटा. कोठार उघडले तेव्हा अर्धा माल पिवळा होऊन फुटला होता, उरलेला उतरवून घ्यायला तिकडच्या व्यापाऱ्याने नकार दिला, आणि पुढच्या बोटीत वसईसाठी जागा नाही, असे मी मराठीत सांगत गेलो. शेवटच्या परिच्छेदात लिहिले होते की, क्रमांक १४ च्या खोक्यांत पूर्ण भरलेली फळे आढळली आणि पिकण्यास सुरुवात तेथून झाली. तो परिच्छेद मी वाचला नाही. घडी घालून पत्र खिशात ठेवले.

बोटीवरचे कोठार थंड ठेवणारे यंत्र बिघडले असणार, असे कुणीतरी म्हणाले. लगेच सर्वांना ते पटले. काका म्हणाले, “आपल्या केळ्यात खोट नव्हती. लोखंडाचा काय भरवसा?” वडील शेवटच्या बाकावर होते. ते माझ्या खिशाकडे पाहत होते.

घरी जाताना विहिरीपाशी ते थांबले आणि पत्र दाखव म्हणाले. मी दिले. त्यांनी घडी उलगडून कागद उन्हात धरला. बोट ओळीवरून ओळीवर उतरत गेले आणि त्यांनीच इतक्या वेळा गिरवलेल्या दोन आकड्यांवर थांबले.

“मास्तर,” ते म्हणाले. एरवी ही हाक ते मला चिडवायला मारत. “पत्र बारा आणेच वाचलंस.”

मी म्हणालो, उद्या सगळ्यांना सांगतो. त्यांनी मान हलवली. “आता नको. आता सांगितलं तर माझा अंगठा जाईल त्याचं काही नाही. उद्या तुझ्या वर्गात यांचीच पोरं बसणार आहेत.”

त्यांनी पत्र माझ्या हातात दिले आणि ते बागेत गेले. माझ्यासाठी ते गप्प राहिले, आणि त्यांच्यासाठी म्हणून मी. या दोन्हींपैकी कुठले मौन आधी मोडायला हवे होते, याचा विचार मी पुष्कळ वर्षे केला आहे. उत्तर सोपे आहे आणि ते मला तेव्हाही ठाऊक होते.

निर्यातदार पुन्हा आला नाही. संस्थेने बोटीच्या यंत्राबद्दल तक्रारीचे पत्र लिहिले. इंग्रजी मसुदा माझाच होता. उरलेली रिकामी खोकी आईने कांदे ठेवायला घेतली. त्यांवरचा चौदा आकडा वडिलांनी भिंतीकडे फिरवून ठेवला.

त्यानंतर ‘घड बघायला या’ असा निरोप आला की ते पाय दुखतो म्हणत. दुसऱ्यांदा आला की बागेला पाणी आहे म्हणत. हळूहळू निरोप यायचे थांबले. वय झाल्यावर ताठा आला, असे कुणी कुणी बोलत. ते त्यांच्याही कानावर आले असावे. आमच्या बागेतले घड मात्र ते स्वतः उतरवत राहिले, पण अंगठा फिरवून झाल्यावर मला हाक मारत आणि माझ्याकडून पुन्हा तपासून घेत. मी ‘काढा’ म्हटल्याशिवाय कोयता लावत नसत.

पुढे विहिरीचे पाणी मचूळ होत गेले आणि बसराई खुरटली. वडील गेले तेव्हा बागेत केळीची सातआठ झाडे उरली होती. दहाव्याला काका काठी टेकत आले. ओटीवर बसून त्यांनी जुन्या गोष्टी काढल्या, बोटीचीही काढली. त्या लोखंडाने घात केला, नाही तर तुझ्या बाबांची केळी पार तिकडे गाजली असती, असे म्हणाले. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, “सोळा आणे माणूस होता.”

पत्र आतल्या पेटीत होते. चार पावलांवर. मी “हो काका” म्हणालो, आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला उठलो.