ओल्या रंगाचे फाटक

आज फाटकाला रंग दिला, आणि त्या वासाने एक जुनी संध्याकाळ परत आली. कावेरीच्या पाण्यावरून दोन राज्यांत बिनसले होते. आमच्या कानडी शहरात गाड्यांचे नंबर पाहून दगड पडत होते. शेजारचे मुरुगेसन तमिळनाडूच्या नंबरची स्कूटर घेऊन याच फाटकाशी आले.

“राव सार, तुम्ही मराठी. तुमच्याकडे कोण शोधणार? दोन दिवस आत ठेवा.”

“रंग ओला आहे, सार. उद्या बघू.”

त्यांनी फाटकाला बोट लावले, कोरडे बोट पाहिले. “परवागिल्ला, असू द्या,” म्हणाले.

स्कूटरला काहीच झाले नाही. संक्रांतीला मात्र त्यांचा पोंगल आला नाही. मीही तिळगूळ नेला नाही. राज्ये पाऊस पडला की निवळतात. आमचे तर भांडणच झाले नव्हते. मग समेट कशाचा करावा, मला अजून कळत नाही.